मोजणीवाल्याने पाणी पिऊ नये

संपादकांचं पत्र आलं, की तुमच्या नोकरीतले अनुभव दिवाळी अंकासाठी लिहा. माझ्या मनात पहिली शंका आली ती ही, की या गृहस्थांची कुठेतरी बांधाची भानगड असणार. माझ्याशी गोड बोलणाऱ्या माणसाची बहुधा असतेच. लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्याच्या दिवशी नदीवर लोकांनी मला बाजूला घेऊन खिशातून घडी घातलेला नकाशा काढलेला आहे. संपादकांनी उलट टपाली कळवलं, की त्यांच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही. सातबारा पाहिल्याशिवाय मी असल्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, पण म्हटलं, लिहून तर बघू.

मी भूकरमापक होतो. लोक मोजणीवाला म्हणतात. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत माझी नोकरी झाली. दोन शेजाऱ्यांत हद्दीवरून वाद झाला, की त्यातला एक जण कचेरीत अर्ज करतो. मग आम्ही दोघांना नोटीस काढतो, ठरल्या दिवशी शेतावर जातो, जुन्या कागदाशी ताडून हद्दीच्या खुणा दाखवतो आणि पंचांच्या सह्या घेऊन परत येतो. साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. एवढं गणित आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही येतं, आणि तो ते तुमच्यापेक्षा पक्कं करतो.

या धंद्यात संशय हेच मुख्य हत्यार. साखळीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण वापरून वापरून तिच्या कड्या उघडतात आणि ती वाढते. अर्जदारावर ठेवायचा नाही, शेजाऱ्यावर ठेवायचा नाही. आणि दगडावर तर मुळीच नाही. हद्दीच्या दगडांना आमच्याकडे पाय फुटतात. चाळीसगावकडे एका गृहस्थाने मला मोठ्या अभिमानाने त्याच्या पणजोबाच्या वेळचा दगड दाखवला होता. दगड जुना होता यात वाद नाही. पण जमिनीत गाडलेल्या भागाचा रंग वेगळा असतो, आणि तो रंग मला जमिनीच्या वर वीतभर दिसत होता. पणजोबांचा दगड पणतवाने उपटून चार फूट पुढे नेऊन घाईघाईत रोवला होता. मी त्या रंगावर बोट ठेवलं. गृहस्थ म्हणाले, "पावसानं माती वाहून गेली असंल." आजूबाजूची माती जिथल्या तिथे होती.

तसाच लोकांचाही आमच्यावर संशय. त्यामुळे जुन्या लोकांनी आम्हाला एक नियम घालून दिला होता. मोजणीच्या दिवशी मोजणीवाल्याने दोन्हीपैकी कोणाच्याही घरचा चहा घ्यायचा नाही, जेवायचं नाही, पाणीदेखील प्यायचं नाही. आपला डबा, आपली पाण्याची बाटली. तुम्ही एकाच्या ओट्यावर घोटभर पाणी प्यालात, की दुसऱ्याने समजायचं, हा फुटला. एप्रिलच्या उन्हात कोणी थंडगार माठातलं पाणी पुढे करायचं आणि आपण बाटलीतलं कढत पाणी घशाखाली ढकलायचं. अपवाद फक्त प्रसादाचा. मोजणी सुरू करण्याआधी अर्जदार नारळ फोडतो. त्याचा तुकडा नाकारला तर देवाचा अपमान, म्हणून तो घ्यायचा.

आता माझ्या कानाकडे येतो.

सत्त्याऐंशी सालच्या सुमाराला एका सकाळी मी अंघोळीसाठी बादली उचलली आणि न्हाणीघर गरकन फिरलं. चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येते तसं हे नव्हतं. अंधारी आली असती तर बरं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, फक्त थांबत नव्हतं. भिंत डावीकडून उजवीकडे जायची, पुन्हा डावीकडून यायची. मी फरशी घट्ट धरून पालथा पडलो. डाव्या कानात पिठाची गिरणी चालू झाली होती. पोटातलं सगळं उलटून पडलं. अर्ध्या तासाने घर जागेवर आलं, पण दिवसभर मी होडीतून उतरल्यासारखा चालत होतो.

बायकोने आधी तोंडाचा वास घेतला. मग विचारलं, "खरं सांगा, काल कुठे बसला होता?" मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. पण माझ्या चालण्याकडे पाहून मलाही स्वतःचा भरवसा वाटेना.

पुढे महिना-दोन महिन्यांनी असे झटके यायला लागले. जळगावच्या एका डॉक्टरांनी पित्त म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी अशक्तपणा म्हणून लाल टॉनिक दिलं, तिसऱ्यांनी मानेला पट्टा बांधला. पट्टा लावून कचेरीत गेलो तर सगळे म्हणाले, बदली टाळायचं बरं साधन शोधलंत. सासूबाईंनी निदान केलं, की मोजणीत हरलेल्या कोणीतरी काहीतरी करून ठेवलंय. त्यांनी लिंबू उतरवून तिठ्यावर टाकलं. मी हसलो, पण मनातल्या मनात हरलेल्यांची यादी करून पाहिली. ती फार लांब निघाली.

कचेरीत मी खरं सांगितलं नाही. वैद्यकीय तपासणी झाली असती, आणि मग मला उचलून टेबलामागे बसवलं असतं. अभिलेखांच्या खोलीत कुजक्या कागदांच्या वासात नोकरी काढायची कल्पना मला सहन होत नव्हती. शेतात मी कोणीतरी होतो. म्हणून मी युक्त्या काढल्या. डावीकडे मान वळवायची नाही, पूर्ण अंगाने वळायचं. खाली वाकायचं नाही, बसायचं. कानात गिरणी सुरू झाली, की लांबचं एखादं निंबाचं झाड डोळ्यांनी धरून ठेवायचं आणि सोडायचं नाही. दगा नावाचा आमचा शिपाई, साखळी धरणारा, माझ्याहून वयाने मोठा, त्याने हे ओळखलं होतं. तो माझ्या डाव्या बाजूला चालायला लागला.

मग ती मोजणी आली. धरणगावकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक दिवाळी अंक वाचतात. अर्जदार उत्तमनाना, मोठे कापूसवाले, गावात वजन. शेजारीण सोनाक्का, साठीच्या आतबाहेरची विधवा, एकटी शेती करणारी. दोघांच्या हद्दीला लागून सोनाक्काची विहीर. उत्तमनानांचं म्हणणं, हद्द विहिरीतून जाते, म्हणून विहिरीत त्यांचाही हिस्सा. त्या विहिरीला उन्हाळ्यात जेमतेम एका मोटरीपुरतं पाणी. दुसरी मोटर बसली असती तर अक्काची मिरची आणि भुईमूग होळीच्या आत वाळले असते. अक्काकडे दुसरं काहीही नव्हतं.

नारळ फुटला. मी प्रसाद घेतला, सोनाक्काने घेतला, पंचांनी घेतला. मी टेबल लावलं.

हे टेबल म्हणजे तिवईवर बसवलेली लाकडी फळी. तिच्यावर कागद. फळीवर काचेची छोटी पाणसळ ठेवून ती सपाट करायची, मागच्या ठिकाणी रोवलेल्या झेंडीकडे रोखून तिची दिशा पक्की करायची आणि मग तिथून रेघा मारायच्या. पहिला धडा हा, की टेबलावर भार द्यायचा नाही. चुकून धक्का लागला, तर मागच्या झेंडीकडे पुन्हा बघितल्याशिवाय पुढची रेघ मारायची नाही. कारण टेबल जेमतेम एक अंश फिरलं, तर बारा साखळ्यांवर हद्द सहा-सात फूट सरकते.

तिसऱ्या ठिकाणी माझ्या कानात गिरणी सुरू झाली. मी निंबाचं झाड शोधलं. झाडच जायला लागलं. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

पुढचं नीट आठवत नाही. मी पालथा होतो आणि ओकत होतो. कोणीतरी ओरडलं, "मोजणीवाला पेल शे रे!" मी प्यालोय असं समजून लोक हसले. उत्तमनानांच्या माणसांनी मला उचलून त्यांच्या खळ्यात सावलीला टेकवलं. नाना स्वतः पाण्याचा पितळी पेला घेऊन आले. "साहेब, ल्या, दोन घोट पी ल्या." मी प्यालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दगा कानाशी म्हणाला, "साहेब, आज ऱ्हाऊ द्या. घर चाला."

ऐकायला हवं होतं. पण माणसं हसली होती ते माझ्या डोक्यात गेलं होतं. मी उठलो, टेबलापाशी गेलो, मागच्या झेंडीकडे पाहायचा प्रयत्न केला. झेंडी एका जागी राहत नव्हती. मला वाटलं, टेबल आहे तिथेच आहे. पुढची रेघ मारली. खुणा दाखवल्या. हद्द विहिरीच्या पोटातून गेली.

सोनाक्का इतका वेळ बांधावर उकिडवी बसून होती. ती उठली. "मी अंगठा देवाव नही," ती म्हणाली. "हाई ईहीर मन्हा सासरानी खंदी शे. बठ्ठा गावले माहीत शे."

मी म्हणालो, "अक्का, कागद बोलतो. मी बोलत नाही."

"तुम्ही टेबलले धरं, तव्हय ते फिरनं. मी मन्हा डोळाघाई दखं. आनि तुम्ही तेन्हा घरनं पानी पेनात."

मला भयंकर राग आला. टेबल म्हणजे काय हे जिला माहीत नाही, ती बाई मला माझा धंदा शिकवते! मी पंचनाम्यात लिहिलं, 'लगतधारकाने सही करण्यास नकार दिला,' आणि सामान उचललं.

घरी आल्यावर मात्र मनात पाल चुकचुकली. पण ती स्वतःबद्दल नाही. माझा संशय गेला नारळावर. नानांनी प्रसादात काही घातलं नसेल ना? पेला इतक्या लगेच कसा आला? आधीच भरून ठेवला होता का? की अक्कानेच काही केलं, मोजणी मोडावी म्हणून? एवढंच काय, दगावरही माझा संशय गेला. तो घर चाला का म्हणाला? अक्काने तोच नारळ खाल्ला होता आणि तिला काही झालं नव्हतं, ही साधी गोष्ट मला सुचली नाही.

नारळातून विष दिलं गेलं हे सिद्ध करायला मी धुळ्याला गेलो. तिथे कानाचे एक डॉक्टर होते, तरुण, कमी बोलणारे. त्यांनी नारळाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि डाव्या कानाने किती ऐकू येतं ते तपासलं. मग मला आडवं करून त्या कानात गार पाणी सोडलं. खोली फिरायला लागली, तीच गरगर. मी खाटेची कड पकडली. ते माझ्या डोळ्यांकडे पाहत घड्याळ बघत होते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही फळी सपाट कशाने करता?"

"पाणसळीने."

"तशी एकेक पाणसळ प्रत्येक कानाच्या आत असते. तुमच्या डाव्या कानात पाणी मधूनमधून वाढतं. मग ती मेंदूला खोटं सांगते, की तुम्ही फिरताय. डोळे म्हणतात, नाही. या भांडणात तुम्हाला ओकारी होते. नारळाचा काही संबंध नाही."

"बरा होईल ना?"

"पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. झटके कमी होतील. मीठ बंद करा. लोणचं, पापड, शेव, सगळं. या गोळ्या घ्या. आणि झटका येतोय असं वाटलं, की काम सोडून आडवे व्हा. हट्ट करू नका."

खानदेशात राहून शेव बंद! माझा त्या डॉक्टरवर विश्वास बसला नाही. इंजेक्शन दिलं नाही, सलाईन लावलं नाही, वर खायचं बंद केलं. पण एसटीत बसल्यावर एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. नारळात काही नव्हतं. पेल्यात काही नव्हतं. कोणी मला काही केलेलं नव्हतं. मग राहिलं कोण? मी राहिलो, आणि मी धरलेलं टेबल राहिलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी जुनं टिपण काढलं, म्हणजे फार पूर्वी झालेल्या पहिल्या मोजणीच्या वेळी केलेला कच्चा नकाशा. त्यावर माझा कागद ठेवून पाहिला. पहिल्या दोन ठिकाणांच्या रेघा बरोब्बर जुळत होत्या. तिसऱ्या ठिकाणापासून फरक सुरू होत होता आणि जितकं लांब जावं तितका वाढत होता. हद्द सरकलेली असती तर फरक असा पंख्यासारखा पसरला नसता. टेबल फिरलं होतं. बांधावर उकिडव्या बसलेल्या बाईला जे दिसलं, ते मला दिसलं नव्हतं. मला लाज वाटली. ती अजून वाटते.

कागद दाबून टाकणं सोपं होतं. जुनं टिपण जीर्ण आहे, प्रत्यक्ष वहिवाट वेगळी आहे असं लिहिलं की कोणी विचारत नाही. अक्काला पटलं नाही तर तिने फेरमोजणी मागावी. त्या फेरमोजणीला कोणी येईपर्यंत वर्ष गेलं असतं, आणि नानांची मोटर आठवड्याभरात बसली असती.

मी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. साहेब चांगले होते. ते म्हणाले, "अहो, घेरी आली असं लिहू नका. वारा होता, टेबल हललं म्हणा."

"वारा असता तर मी मागची झेंडी पाहिली असती, साहेब. मला झेंडी दिसत नव्हती."

"हे लिहिलंत तर तुम्हाला पुन्हा शेतावर पाठवता येणार नाही मला. आणि लोक काय म्हणतील? आधी नानांचं पाणी प्यायला, आता बाईचं ऐकतोय."

हे सगळं मला ठाऊक होतं. मी दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. अभिलेखांच्या खोलीत जाऊन एकदा बसूनही पाहिलं. मग लिहून दिलं: मोजणीच्या वेळी मला आजारामुळे भोवळ आली, मी टेबलाचा आधार घेतला, दिशा तपासली नाही, सबब मोजणी सदोष आहे.

फेरमोजणीला दुसरा मोजणीवाला आला, धुळ्याकडचा, कडक माणूस. मला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं. मी बांधावर उभा राहिलो, टेबलापासून लांब, हात मागे बांधून. उत्तमनाना पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्कानी फोडं साहेबले." कोणी त्यांना नाही म्हटलं नाही.

हद्द विहिरीच्या काठाबाहेरून तीन फुटांवरून गेली. पूर्ण विहीर सोनाक्काची. नानांचं तोंड उतरलं. पण तो कडक माणूस तिथे थांबला नाही. तो तसाच वरच्या टोकापर्यंत गेला, आणि तिथे असं निघालं, की अक्काचा बांध नानांच्या शेतात दोन फूट आत होता. दगड उकरला. खाली कोळसा नव्हता. आमचे जुने लोक हद्दीच्या दगडाखाली कोळशाचे तुकडे पुरत, दगड हलला तरी जागा कळावी म्हणून. कोळसा दोन फूट अलीकडे सापडला, अक्काच्या बाजूला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"उंदीरस्नी सरकाडा व्हई तो दगड," अक्का शांतपणे म्हणाली.

तो दगड हाताने हलवायला दोन माणसं लागली.

त्यानंतर माझी शेतावरची कामं बंद झाली. मी अभिलेखांच्या खोलीत बसलो. वाटलं होतं तितका तो वास वाईट नव्हता, पण खिडकीतून मोजणीला निघालेली जीप दिसायची तेव्हा मी मान फिरवायचो, पूर्ण अंगाने. झटके कमी झाले. मिठामुळे की टेबल सुटल्यामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

वर्षभराने त्या गावात एका नातेवाइकाकडे जायचं झालं. रस्ता सोनाक्काच्या शेताजवळून होता. मिरची लाल झाली होती, विहिरीवर एकच मोटर चालू होती. अक्का तोडणीत होती. तिने मला ओळखलं. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. ती विहिरीपाशी गेली, हौदातून तांब्या भरला आणि माझ्यासमोर धरला.

"पानी पी ले, भाऊ."

माझा हात पुढे झाला नाही. इतक्या वर्षांची सवय. मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोण बघतंय का. पलीकडच्या बांधावर उत्तमनाना उभे होते आणि बघत होते.

अक्काने माझ्या नजरेमागे पाहिलं. मग म्हणाली, "आते काय हरकत शे? आते तू मोजणीवाला नही ना."

मी तांब्या घेतला. पाणी चांगलंच खारं होतं, आणि डॉक्टरांनी मला मीठ बंद केलं होतं. नाना बघत असताना मी उभ्या उभ्या तो सगळा तांब्या रिकामा केला.